गल्लीत स्वाइन फ्लूचा पेशंट निघालाय, नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. घरात काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की परभणीत तुमच्या गल्लीत एकाला स्वाइन फ्लू निघालाय. घरात शुगरचा त्रास असलेले सासरे, दोन लेकरं आणि सात महिन्यांच्या गरोदर जाऊबाई आहेत. मी लातूर जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, त्यामुळे पाण्याची ओढाताण धरूनच सांगते.

सगळ्यात आधी आजाऱ्याला पाहायला जाणं थांबवा. आपल्याकडे कुणी अंथरूण धरलं की सगळी भावकी बाजेभोवती जमते, आणि हा आजार नेमका तिथंच पसरतो. खोकल्या-शिंकेचे थेंब चार-सहा फुटांतल्या माणसाच्या नाकातोंडात जातात. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढं ५ ते ७ दिवस माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, लेकरं तर त्याहून जास्त दिवस. विचारपूस फोनवर करा, जेवणाचा डबा दारात ठेवून या. पण त्या घराला वाळीत टाकू नका. हे मी कळकळीनं सांगते, कारण एका घराला वाळीत टाकलं की पुढच्या घरात ताप लपवला जातो, आणि लपवलेला ताप एसटीत, शाळेत, आठवडी बाजारात फिरत राहतो.

आता पाणी. हात धुवायला वाहता नळ लागत नाही. तोटीची कॅन किंवा तळाशी बारीक भोक पाडून बूच लावलेला डबा मोरीजवळ उंचावर ठेवा. हात ओले करा, धार बंद करा, साबणानं बोटांच्या बेचक्यांसकट २० सेकंद चोळा, मग बारीक धारेखाली धुवा. तांब्याभर पाण्यात दोघांचे हात सहज निघतात. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुडवायचे नाहीत. साबण साधा चालतो. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं. त्यासाठी महागाचं काही आणू नका. दाराची कडी, मोटारीचं बटण, मोबाइल यांवर विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो, तेव्हा साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं रोज फिरवा. आणि टँकर आला की घरातल्या तापलेल्या माणसाला हंडा घेऊन गर्दीत पाठवू नका, शेजाऱ्याला पाणी भरून द्यायला सांगा.

तुमच्याच घरात कुणाला ताप आला तर त्याची बाज वेगळ्या खोलीत, नाहीतर ओसरीत टाका. थंडी असली तरी खिडकी थोडी उघडी हवी. त्याचा तांब्या, टॉवेल, पांघरूण वेगळं. मास्क आधी आजाऱ्याला, मग त्याची सेवा करणाऱ्याला. ओला झाला की बदलायचा. सेवा एकानंच करावी, आणि ती जाऊबाईंनी नको. ७ दिवस किंवा ताप पूर्ण जाऊन २४ तास, यातलं जे उशिरा येईल तोवर घरातच राहायचं. लेकराला ताप असेल तर परीक्षा असली तरी शाळेत पाठवू नका.

कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगल्यानं विषाणू अडत नाही. डुकराचं नीट शिजवलेलं मटण खाल्ल्यानं हा आजार होत नाही.

ताप आला की सुई मारून, सलाईन लावून कामावर जायची सवय इथं घातक ठरते. धडधाकट माणसाला साध्या सर्दी-तापात बहुतेक वेळा आराम आणि पॅरासिटामॉल पुरतं. अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग नाही, आणि लेकरांना ॲस्पिरिन अजिबात देऊ नका. पण सासऱ्यांना किंवा जाऊबाईंना ताप-खोकला आला तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. ऑसेल्टामिवीर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. डॉक्टर ठरवतील तेव्हाच घ्यायचं, दुकानातून आणून ठेवायचं नाही. धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ-नखं निळी पडणं, गुंगी, लेकरानं खाणंपिणं सोडणं, यातलं काहीही दिसलं तर थेट १०८ ला फोन करा.

फ्लूच्या लसीबद्दल सासरे आणि जाऊबाई दोघांसाठीही सरकारी दवाखान्यात विचारा. इंजेक्शनची लस गरोदरपणात चालते, दरवर्षी घ्यावी लागते. मात्र ती लागू पडायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून तोवर जाऊबाईंना लग्नकार्यात आणि गर्दीच्या बसमध्ये नेऊ नका.