दोन संगणक लॅन केबलने थेट जोडलेत, दिवे लागतात पण एकमेकांना दिसत नाहीत. क्रॉसओव्हर केबल घ्यावी का?

नका घेऊ.

तुम्ही लिहिलंय की दोन्ही पोर्टचे दिवे लागतात, दोन्हीकडे १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसतात आणि ओळखीतल्या एकाने क्रॉसओव्हर केबल (एका टोकाला तारांच्या जोड्या उलटवलेली) आणायला सांगितलीय. वाचून राहवलं नाही, कारण हाच सल्ला मला माझ्या थोरल्या भावाने दिला होता आणि त्यापायी आमचे दोन रविवार वाया गेले.

बाबांच्या जुन्या संगणकावरचे फोटो नव्यावर घ्यायचे होते. केबल मी स्वतः क्रिम्प केली होती, म्हणजे टोकांचे कनेक्टर तारांवर दाबून बसवले होते. दादाने कनेक्टर उजेडात धरला आणि म्हणाला, "घरी केलेली केबल, दुसरं काय होणार!" त्या पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारा टोकाला भिडलेल्या स्वच्छ दिसत होत्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला तोच क्रम. पण त्याचा हेका एकच, दोन संगणकांत सरळ केबल चालतच नाही.

एके काळी ते खरं होतं. जुनी नेटवर्क कार्डं कनेक्टरच्या १-२ क्रमांकाच्या तारांवर पाठवायची आणि ३-६ वर ऐकायची, म्हणून जोड्या केबलमध्येच उलटवाव्या लागत. गिगाबिट (१००० मेगाबिट वेगाचे) पोर्ट ही अदलाबदल स्वतःच करून घेतात. आणि केबल चुकीच्या प्रकारची असती तर दिवाच लागला नसता, एवढं तरी त्याने ऐकून घ्यायला हवं होतं.

शेवटी मी दोन्हीकडे हाताने पत्ते दिले. जुन्याला १९२.१६८.५०.१, नव्याला १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग दोघांत सारखा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा पत्ता) रिकामा. मग पिंग, म्हणजे पलीकडच्या संगणकाला छोटा प्रश्न पाठवून उत्तर येतं का पाहणं. जुन्यावरून नव्याला केलं, तर चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. दादा म्हणाला, "बघ." मग नव्यावरून जुन्याला केलं आणि चारही उत्तरं एका मिलिसेकंदाच्या आत आली. आता उत्तर यायचं म्हणजे प्रश्न केबलमधून गेला पाहिजे आणि उत्तर त्याच केबलमधून परत आलं पाहिजे. केबल सुटली, आरोपी नवा संगणक. गेटवे नसल्यामुळे विंडोजने या जोडणीला 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' म्हणून पब्लिक, म्हणजे परकं, ठरवलं होतं, आणि फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी विंडोजची भिंत) आलेलं प्रत्येक पिंग गिळत होती. ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये पब्लिकखालचं 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू केलं आणि दोन्ही बाजूंनी पिंग जाऊ लागलं.

दरम्यान दादाने केबल एकदा काढून परत लावली होती. "मी नीट बसवली म्हणून चाललं," असं तो आजही सांगतो. नाही. आधीची चार उत्तरं त्याच केबलमधून, त्याने हात लावण्याआधी आली होती.

तर तुम्हीही दोन्ही बाजूंनी पिंग करा आणि काय शब्द येतात ते नीट वाचा. 'टाइम्ड आउट' आलं तर पलीकडचा संगणक सापडलाय पण बोलत नाही, बहुतेक फायरवॉलच. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर तो सापडतच नाहीये, पत्ते पुन्हा तपासा. वायफाय चालू असेल तर केबलचे पत्ते वायफायच्या मालिकेतले देऊ नका, नाहीतर संगणक भलत्याच वाटेने शोधत बसतो. १६९.२५४ हा मात्र बिघाड नव्हे. पत्ता वाटणारा राउटर मध्ये नाही, म्हणून संगणकाने स्वतःच घेतलेला तो पत्ता आहे.

पिंग जातंय पण फोल्डर उघडत नसेल, तर पलीकडच्या खात्याला पासवर्ड आहे ना बघा. बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

फायरवॉल सरसकट बंद करू नका, आणि काम झालं की ते शेअरिंगही बंद करा, लॅपटॉप असेल तर नक्कीच.

केबलचा दोष कधीच नसतो असं मी म्हणत नाही. दोन्हीकडे फार जुनी १०० मेगाबिटची कार्डं असतील तर क्रॉसओव्हर लागू शकते. शिवाय गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी तुटली तर दिवा लागतो, काम चालतं, पण वेग १०० वर येतो आणि कॉपी सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या वर जात नाही. माझ्या केबलवर तेच फोटो ११० च्या आसपास गेले. हा आकडा दादाने स्वतः स्क्रीनवर पाहिलाय.