थ्री नॉट थ्री आणि तिच्या समकालीन रायफली : वाचकांचे प्रश्न

पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या बोल्ट-ॲक्शन रायफलींबद्दल, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खिटी (बोल्ट) मागे-पुढे करावी लागणाऱ्या रायफलींबद्दल, वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे. थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३ ची ब्रिटिश ली-एनफिल्ड.

जर्मन माउझर ही ब्रिटिश ली-एनफिल्डपेक्षा सरस होती असं नेहमी वाचतो. मग जलद गोळीबारात नाव ब्रिटिशांचं कसं झालं? (कोल्हापूर)

मजबुतीच्या बाबतीत माउझर सरसच. तिच्या १८९८ च्या मॉडेलमध्ये बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम कान आहेत. बोल्ट फिरवला की ते काडतुसाच्या अगदी मागे खाचेत अडकतात आणि स्फोटाचा धक्का तिथल्या तिथे पेलतात. शिवाय खबरदारी म्हणून मागे तिसरा कान. ली-एनफिल्डचे कान बोल्टच्या मागच्या भागात आहेत, त्यामुळे तिची रचना तेवढी ताठ नाही.

पण हाताला ली-एनफिल्डच सोयीची. कान मागे असल्याने बोल्ट कमी मागे ओढावा लागतो. माउझरची मूठ ९० अंश फिरवावी लागते, हिची साधारण ६०. मूठ चापाच्या जवळच असते. सराईत शिपाई अंगठा आणि तर्जनी मुठीवरून काढतच नसत, चाप मधल्या बोटाने दाबत. दस्ता खांद्यावरून हलत नसे आणि नजर निशाणावरून ढळत नसे. मॅगझिनमध्ये दहा काडतुसं, माउझरमध्ये पाच.

तरीही मी श्रेय रायफलीपेक्षा तालमीला देईन. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर इंग्लंडमधल्या हाइथ इथल्या नेमबाजी शाळेने जलद गोळीबारावर भर दिला. ३०० यार्डांवरच्या निशाणावर एका मिनिटात नेम धरून १५ गोळ्या, हा कसोटीचा भाग झाला. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधल्या माँसला जे शिपाई लढले ते या कसोटीतून गेलेले, वर्षानुवर्षं सराव केलेले पगारी सैनिक होते. त्यांच्यातले बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच मेले किंवा जखमी झाले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या भरतीच्या हाती हीच रायफल होती, पण तो वेग पुन्हा दिसला नाही.

ली-एनफिल्डच्या नावात ‘शॉर्ट’ का? ती आखूड का केली? (नाशिक)

दक्षिण आफ्रिकेतल्या १८९९-१९०२ च्या बोअर युद्धामुळे. बोअर शेतकऱ्यांकडे जर्मनीतून घेतलेल्या ७ मिलिमीटरच्या माउझर होत्या. पाच काडतुसांची पट्टी वरून दाबली की मॅगझिन भरलं. ब्रिटिश शिपाई मात्र एकेक काडतूस सारत बसे. वरिष्ठांच्या मते मॅगझिन म्हणजे आणीबाणीचा साठा! तो वापरला जाऊ नये म्हणून मॅगझिनच्या तोंडाशी सरकता पत्राही बसवलेला होता. त्यात काही रायफलींची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) चुकीची बसलेली निघाली, ५०० यार्डांवर गोळी दीडेक फूट उजवीकडे जाई.

युद्धातून धडा घेऊन ३० इंची नळी सुमारे २५ इंचांवर आणली आणि पायदळाला व घोडदळाला एकच रायफल दिली. पट्टीने भरण्याची सोयही आली. १९०७ चा मार्क ३ (तिसरी आवृत्ती) हा तिचा सर्वांत परिचित अवतार. त्या वेळी इंग्लंडातल्या नेमबाजांनी या आखूड नळीवर कडाडून टीका केली होती. सैन्यानेही माउझरच्या धर्तीवर, .२७६ इंची नळीची नवी रायफल तयार करायला घेतली होती. १९१४ ला युद्ध पेटलं आणि तो बेत बारगळला. टीकाकारांनी स्पर्धेच्या मैदानावरची अचूकता पाहिली. खंदकाच्या अरुंद वळणावर लांब नळी किती अडते, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

कॅनडाच्या सैनिकांनी स्वतःची रायफल फेकून दिली हे खरं का? (पुणे)

खरं आहे, आणि मला ती या काळातली सर्वांत संतापजनक गोष्ट वाटते. कॅनडाची ही रॉस रायफल सरळ ओढ्याची होती. मूठ फिरवायची गरज नाही, मागे ओढा, पुढे ढकला. नेमबाजीत ती अव्वल. पण नळीतली काडतूस बसण्याची जागा इतकी काटेकोर मापाची की युद्धकाळात घाईने बनलेली ब्रिटिश काडतुसं तिच्यात रुतत. मागे ओढलेल्या बोल्टचा कान अडसरावर आपटून चेपत असे, मग बोल्ट आणखीच अडे. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला विषारी वायू आणि गोळीबार चालू असताना शिपाई बोल्टवर लाथा मारत होते. संधी मिळताच पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड त्यांनी उचलल्या. तक्रारी वर पोहोचूनही ती पूर्ण मागे घ्यायला १९१६ उजाडलं. त्यानंतर ती उरली ती मुख्यतः स्नायपरांकडे. तिथे ती शोभलीही, कारण स्नायपरला रायफल पुसून स्वच्छ ठेवायला सवड असते.

माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. त्यांच्या हाती कोणती बंदूक असेल? (सातारा)

ली-एनफिल्डच्या घराण्यातली. नेमका मार्क पलटण आणि साल यांवर ठरेल. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनं शस्त्र द्यायचं, असं धोरण बराच काळ चाललं. १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्सला गेलेल्या हिंदी तुकड्यांना मार्सेला उतरल्यावर नव्या मार्क ३ रायफली मिळाल्या. म्हणजे अनोळखी हत्यार हातात घेऊन काही आठवड्यांत त्यांना लढाईत उतरावं लागलं.

पणजोबा मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) असतील तर १०३, ११० किंवा ११७ क्रमांकाच्या पलटणीचा शोध घ्या. या तिन्ही सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. कूटच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला त्यांना शरण जावं लागलं. समोरच्या तुर्कांकडेही माउझरच होत्या. घरात सेवापुस्तिका किंवा पदक असेल तर आधी पदकाची कड बघा. तिथे सहसा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते.

आजोबांची .३१५ ची रायफल अगदी थ्री नॉट थ्रीसारखी दिसते. ती लष्करी आहे का? (अमरावती)

यंत्रणा तीच, बोअर (नळीच्या पोकळीचं माप) वेगळा. .३०३ हा सैन्याचा बोअर असल्याने सामान्य माणसाला तो परवान्यावर मिळत नसे, म्हणून शिकारीसाठी आणि शेतराखणीसाठी .३१५ काढली. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने ती बनवली. आजोबा हयात नसतील तर परवाना तुमच्या नावावर होईपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवा.