वाचकांचे प्रश्न : स्वतः बांधलेल्या इन्स्टॉलरमधला ड्रायव्हर विंडोज का नाकारते?

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा सुट्या भागांचा कारखाना असून सिन्नरला दुसरे युनिट आहे. हिशेब आणि डिझाइन विभागातील सहकाऱ्यांना घरून सर्व्हरवर काम करता यावे, म्हणून मी ओपनव्हीपीएन (इंटरनेटवरून कारखान्याच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करून देणारा प्रोग्राम) सोर्स कोडपासून बिल्ड करून विंडोजसाठी आमचा स्वतंत्र इन्स्टॉलर तयार केला. नेटवर्क जोडण्यांच्या यादीत कारखान्याचे नाव दिसावे, यासाठी टॅप ड्रायव्हरच्या (या जोडणीसाठी आभासी नेटवर्क कार्ड पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या) आयएनएफ या माहिती-फाइलमध्ये तेवढाच बदल केला. आता प्रोग्राम बसतो, पण ड्रायव्हर बसत नाही. डिजिटल सही पडताळता आली नाही, असा संदेश येतो. प्रत्येकाची खासगी की (सर्व्हरला ओळख पटवणारी गुप्त फाइल) इन्स्टॉलरमध्येच घालावी, असाही विचार आहे. मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ त्या ‘तेवढ्याच’ बदलात आहे. ड्रायव्हरच्या संचात आयएनएफ आणि एसवायएस (प्रत्यक्ष ड्रायव्हर) या फाइलींबरोबर सीएटी ही कॅटलॉग फाइल असते; तिच्यात संचातील इतर फाइलींचे हॅश (फाइलीतील मजकुरावरून काढलेले ठसे) नोंदवलेले असतात आणि डिजिटल सही या कॅटलॉगवर केलेली असते. आयएनएफमधील एक अक्षर जरी बदलले, तरी त्या फाइलीचा हॅश कॅटलॉगमधील नोंदीशी जुळत नाही आणि विंडोज संपूर्ण संच नाकारते. सामान्य प्रोग्रामला सही नसेल तर विंडोज केवळ इशारा देते, परंतु ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) चालत असल्यामुळे तिथे ही सवलत नाही. २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असलेल्या संगणकांवर नव्या कर्नल ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टची सही लागते. ती मिळवण्यासाठी कंपनीच्या नावाने नोंदणी आणि ईव्ही (कंपनीची सखोल ओळख-तपासणी करून दिलेले) प्रमाणपत्र लागते, आणि वीस-पंचवीस संगणकांच्या कारखान्याने हा खर्च करावा असे मला मुळीच वाटत नाही.

टेस्ट-सायनिंग (चाचणीपुरती केलेली सही मान्य करणारी विंडोजची सेटिंग) चालू करून वाट काढता येते, असा सल्ला आपल्याला कुणी ना कुणी देईलच. कृपया तो सहकाऱ्यांच्या संगणकांवर अमलात आणू नये. त्यासाठी सिक्युअर बूट बंद करावे लागते, आणि ज्या संगणकावरून कारखान्याचे हिशेब उघडले जाणार, त्याचेच संरक्षण आपण आपल्या हाताने काढून घेतो.

म्हणून प्रोग्राम स्वतः बिल्ड करावा, पण ड्रायव्हर मात्र ओपनव्हीपीएन प्रकल्पाने सही करून दिलेला, एका बाइटचाही बदल न करता घ्यावा. जोडणीला हवे ते नाव ड्रायव्हर बसल्यानंतरही देता येते. आवृत्ती २.५ पासून सोबत मिळणाऱ्या टॅपसीटीएल या साधनाने नवा अडॅप्टर (आभासी नेटवर्क कार्ड) तयार करतानाच नाव देता येते, तर आधीच बसलेल्या अडॅप्टरचे नाव विंडोजच्या नेटश आज्ञेने बदलता येते. त्यानंतर कॉन्फिगरेशनमध्ये डेव्ह-नोड या ओळीत तेच नाव लिहावे.

आपण कोणत्या प्रकारचा इन्स्टॉलर बांधला, याचा पत्रात उल्लेख नाही. आवृत्ती २.४ पर्यंत प्रकल्पाचा अधिकृत इन्स्टॉलर एनएसआयएस या साधनाने बांधला जाई, २.५ पासून तो विक्स हे साधन वापरून एमएसआय या विंडोजच्या इन्स्टॉलर-फाइल स्वरूपात बांधला जातो. प्रोग्राम उबंटू या लिनक्सवर मिंगडब्ल्यू या कंपायलरच्या साहाय्याने विंडोजसाठी कंपाइल करता येतो, पण एमएसआय बांधण्याची पायरी विंडोजच्या संगणकावरच पार पाडावी. इथे एक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. अद्ययावत करताना विंडोज इन्स्टॉलर (एमएसआय बसवणारा विंडोजमधील भाग) आवृत्ती क्रमांकाचे फक्त पहिले तीन भाग पाहतो, त्यामुळे आपण केवळ चौथा आकडा वाढवून सुधारित इन्स्टॉलर दिला, तर जुन्या प्रतीपेक्षा तो नवा आहे हे त्याला कळतच नाही. तसेच अपग्रेड कोड (कोणत्या आवृत्त्या एकाच प्रोग्रामच्या, हे ओळखण्याचा क्रमांक) मूळ प्रकल्पाचाच ठेवला, तर एखाद्या सहकाऱ्याने अधिकृत नवी आवृत्ती बसवताच आपली प्रत काढून टाकली जाईल. तो बदलला, तर दोन्ही प्रती शेजारी राहून एकाच फोल्डरवर हक्क सांगतील. माझ्या मते कोड बदलावा, आणि अधिकृत प्रत आधीच असेल तर आपल्या इन्स्टॉलरने पुढे न जाता तसे सांगावे.

खासगी की इन्स्टॉलरमध्ये घालण्याचा विचार मात्र आपण पूर्णपणे सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून, ईमेलमधून फिरतो, आणि एमएसआय फाइल उघडून आतील प्रत्येक फाइल बाहेर काढणे अगदी सोपे असते. इन्स्टॉलरमध्ये सर्व्हरचा पत्ता, प्रमाणन प्राधिकरणाचे (प्रमाणपत्रांवर सही करणाऱ्याचे) सार्वजनिक प्रमाणपत्र आणि सर्वांना समान असलेल्या सेटिंग्ज एवढेच असावे. प्रत्येकाची की त्याच्याच संगणकावर तयार व्हावी, तिच्याबरोबरची प्रमाणपत्र-विनंती आपल्याकडे यावी आणि सही केलेले प्रमाणपत्र परत जावे. एखाद्याने नोकरी सोडली किंवा लॅपटॉप हरवला, की त्या एकाच प्रमाणपत्राचे नाव रद्द-यादीत टाकता येते. सर्वांना एकच की दिलेली असेल, तर सगळ्यांचीच जोडणी नव्याने करावी लागते.

हा इन्स्टॉलर कारखान्याबाहेर, म्हणजे पुरवठादारांना वगैरे देणार असाल, तर ओपनव्हीपीएन जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली असल्यामुळे, आपल्या बदलांसह सोर्स कोडही त्यांना उपलब्ध करून द्यावा लागेल.

प्रश्न : ओपनव्हीपीएन बिल्ड करताना, उबंटूवर ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर) आधीच असूनही, बिल्डची पूर्वतयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट ते सापडत नसल्याचे सांगते. आणि सोर्स कोडपासून बिल्ड केलेले सॉफ्टवेअर तयार प्रतीपेक्षा खात्रीचे असते का?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपल्याकडे असलेले ओपनएसएसएल हे प्रोग्राम चालवण्यापुरते आहे, कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर फाइली लिबएसएसएल-डेव्ह या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. ते बसवावे. एलझेडओ आणि एलझेड४ या कॉम्प्रेशन लायब्ररींसाठीही तसेच करता येईल, परंतु व्हीपीएनमधील कॉम्प्रेशनमुळे गुप्त माहितीचा अंदाज बांधता येतो, हे २०१८ मध्ये व्होराकल या हल्ल्याने दाखवून दिले आहे; तेव्हा डिसेबल-एलझेडओ आणि डिसेबल-एलझेड४ हे दोन पर्याय देऊन बिल्ड करणे अधिक चांगले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, कोड कुठून घेतला यावर अवलंबून आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार (बॅकडोर, म्हणजे गुप्त प्रवेशमार्ग) सापडले. तपासनीसांच्या नजरेसमोर असलेल्या गिट भांडारात (कोडच्या जाहीर साठ्यात) घातक माहिती चाचणीच्या फाइलींत दडवलेली होती, पण ती बिल्डमध्ये ओढून आणणारी स्क्रिप्ट फक्त वितरणाच्या टारबॉलमध्ये (कोडच्या एकत्र बांधलेल्या फाइलीत) होती. त्या टारबॉलपासून प्रामाणिकपणे ‘सोर्समधून’ बिल्ड करणाऱ्यालाही बाधित प्रतच मिळाली असती. म्हणून भांडारातील सही केलेला टॅग (आवृत्तीची खूण) घ्यावा, ती सही प्रकल्पाच्या जाहीर कीशी पडताळावी, कॉन्फिगर स्क्रिप्ट ऑटोरीकॉन्फ या साधनाने स्वतः तयार करावी, आणि इन्स्टॉल करण्यापूर्वी मेक चेक ही चाचणीची आज्ञा चालवून पाहावे.