धावत्या रेल्वेतून मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत खांब तिरके दिसतात. शटर स्पीड वाढवला तर सरळ होतील का?

नाही होणार. उलट तिरकेपणा जास्तच डोळ्यांत भरेल.

मी भुसावळला लग्नांचं शूटिंग करतो आणि सुरुवातीला हाच घोळ घातला होता. शटर स्पीड म्हणजे सेन्सरची (चित्र टिपणाऱ्या चिपची) प्रत्येक ओळ किती वेळ उजेड घेते ते. 1/50 सेकंदाला पळती वस्तू पुसट येते, 1/2000 ला कोरल्यासारखी. पण मोबाईल अख्खी फ्रेम एका झटक्यात टिपतच नाही. वरून खाली, ओळीमागून ओळ वाचत जातो. याला रोलिंग शटर म्हणतात.

समजा, वरून खाली पोचायला 1/50 सेकंद लागला आणि गाडी ताशी 108 किमीने आहे, म्हणजे सेकंदाला 30 मीटर. तेवढ्यात खांब 60 सेंमी मागे सरकला. शेंडा आधी टिपला, बुडखा नंतर, म्हणून खांब गाडीच्या दिशेने झुकलेला दिसतो. लांबच्या केळीच्या बागा सरळच दिसतात, कारण तिथे 60 सेंमी नजरेत येत नाहीत. शटर 1/4000 केलं तरी ओळी वाचायचा वेळ तेवढाच राहतो. पुसटपणा गेला की वाकडेपणा तेवढा स्वच्छ दिसतो. पटत नसेल तर मोबाईल उभा धरून बघा. वाचन आता आडवं होतं, त्यामुळे खांब सरळ राहतो, पण जाड किंवा बारीक होतो.

भर उन्हात कूलरच्या पंख्याची पाती केळ्यासारखी वाकतात तीही यामुळेच. (पंखा उलटा फिरताना दिसतो, ते प्रकरण वेगळं. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 500 फेरे घेत असेल तर सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत थांबलेलाच दिसेल. जरा मंदावला की उलटा.)

एकदा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे 1/1000 वर घेतले. एकेक फ्रेम झकास, पण चाल अशी तुटक की कळसूत्री बाहुल्या बऱ्या. तेव्हापासून 25 फ्रेमला 1/50, आणि ऊन जास्त असलं की लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच. मांडवातल्या दिव्यांचे पट्टेही 1/50 किंवा 1/100 ला बहुतेक जातात, कारण आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात.

खांब सरळच हवे असतील तर ग्लोबल शटरचा, म्हणजे सगळ्या ओळी एकदम टिपणारा कॅमेरा लागेल. सोनीने 2023 मध्ये जाहीर केलेला ए9 थ्री तसा आहे, पण त्याच्या किमतीत आमच्याकडे बुलेट येते. माझ्या जुन्या कॅसेटवाल्या हँडीकॅममध्ये सीसीडी सेन्सर होता, तो अख्खं चित्र एकदम टिपायचा. त्यात खांब सरळ यायचे. बाकी सगळी बोंब होती.