पहिला स्कॉलर घेण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

गाइडशिपची, म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याची, मान्यता आली हे कळलं, फार आनंद झाला. सहायक प्राध्यापकाला एका वेळी पीएचडीचे चार स्कॉलर घेता येतात, तेव्हा चारही जागा लगेच भर असं तुला सांगितलं जाईल. भरू नकोस. पहिल्या वर्षी दोनच घे.

मुलं मिळतील, ती टिकवणं अवघड. आणि मुंबईत ते आधी खोलीच्या भाड्यापाशी अडतं. जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्यांना मिळणारी कनिष्ठ फेलोशिप, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, वर घरभाडे भत्ता. पण संस्थेकडून दर महिन्याला पोर्टलवर पुष्टी जावी लागते, ती राहिली की पैसे अडकतात. शिवाय २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश मिळतो, त्यात निकालाच्या तिसऱ्या गटातल्या मुलांना पीएचडीच्या प्रवेशाची नुसती पात्रता मिळते, फेलोशिप नाही. लातूरहून किंवा सावंतवाडीहून आलेला असा मुलगा दिवसा कलिन्याच्या लॅबमध्ये असतो आणि संध्याकाळी कुर्ल्याला क्लासवर शिकवतो. हळूहळू त्याचे लॅबमधले तास कमी होतात, मग तो येईनासाच होतो आणि आपण म्हणतो, त्याला संशोधनाची आवड नव्हती. हे ऐकलं की मला अजून राग येतो. मुलाखतीतच विचार, राहणार कुठे, खर्च कसा भागवणार? बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांपैकी कुठे अर्ज करता येईल हे त्याच्याआधी तुला माहीत हवं.

मुलींना पहिल्याच दिवशी सांग की सहा वर्षांच्या मुदतीवर त्यांना दोन वर्षं जादा मिळतात आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. त्यांना हे चाचरत विचारावं लागू नये.

आता विषयाचं. कुलाब्याच्या टीआयएफआरच्या किंवा पवईच्या आयआयटीच्या यंत्रसामग्रीशी बरोबरी करायला जाऊ नकोस. ठाण्याची खाडी तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे, २०२२ मध्ये ती जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तिथला गाळ, कांदळवन, मासळी एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं, पावसाळ्यातही, मोजत राहणारी माणसं हवीत, आणि ती इथलीच असावी लागतात. कमला सोहोनींनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना घेऊन नीरा आणि कडधान्यांवर काम केलं. आपल्या लोकांच्या खाण्यापिण्यातला प्रश्न त्यांना लहान वाटला नाही. स्कॉलरला स्वतःच्या गावाशी, किनाऱ्याशी नातं सांगणारा प्रश्न मिळाला तर तिसऱ्या वर्षीचा कंटाळवाणा काळही तो काढतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पीएचडीनंतर काय, हा प्रश्न ती विचारतीलच. बऱ्याच जणांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरचं शिकवणं येतं, हे लपवू नकोस. तुला पदं निर्माण करता येणार नाहीत. पण वर्सोव्याच्या सीआयएफई या मत्स्यशिक्षण संस्थेतल्या लोकांशी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांच्या लॅबशी त्यांची ओळख दुसऱ्याच वर्षी करून देणं तुझ्या हातात आहे. कुणी पुण्याला किंवा परदेशी जायला निघाला तर शिफारसपत्र मनापासून लिही. संपर्क ठेवलास तर त्यांच्यातले काही परततात.

स्कॉलरच्या जागांची जाहिरात निघण्याआधी लेखा विभागात जा आणि कंटिन्जन्सीची, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाची, बिलं किती दिवसांत सुटतात ते विचारून ये. जाहिरातीचा मसुदा मला पाठव. फेलोशिपबद्दलची ओळ आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
मॅडम