चढावर बंद पडणारी ई-सायकल: बीएमएस बायपास करण्याआधी तेरा आकडे मोजा

प्रश्न थोडक्यात असा: घरी जोडलेली ई-सायकल, १३एस४पी लिथियम-आयन पॅक (चार-चार सेल पॅरलल जोडलेले तेरा गट, सिरीजमध्ये), ५०० वॅटची गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी). चढावर पूर्ण थ्रॉटल दिला की सगळं एकदम बंद, थोड्या वेळाने ऑफ-ऑन केलं की परत चालू. पूर्ण चार्ज झाल्यावर पॅक ५४.६ ऐवजी ५३.७ व्होल्ट दाखवतो. पावसात भिजल्यापासून निघताना मोटर थरथरते. आणि शेवटी, बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवून धोका दिसला की सप्लाय तोडणारं सर्किट) बायपास केलं तर चालेल का?

शेवटच्याचं उत्तर आधी: अजिबात नको. बीएमएस चढावर सप्लाय तोडतंय ते बहुधा बरोबरच करतंय. एखादा गट साधारण २.८ व्होल्टवर आला की तोडणं हेच त्याचं काम. ते बाजूला केलंत तर उरलेले बारा गट त्या कमजोर गटातून वीस अँपिअर ढकलत राहतील आणि तो गट शून्याखाली, उलट्या पोलॅरिटीत जाऊ शकतो. इतक्या खाली गेलेल्या सेलमधली तांब्याची फॉइल विरघळते आणि पुढच्या चार्जिंगला तेच तांबं आतल्या आत शॉर्ट करू शकतं. आगीचा धोका तिथे आहे.

आता ५३.७ कडे बघा. सगळे तेरा गट ४.१३ व्होल्टवर असले तरी बेरीज ५३.७ येते, तेव्हा दोष चार्जरच्या सेटिंगचा. बारा गट ४.२ वर आणि एक बिचारा ३.३ वर असला तरीही बेरीज ५३.७ च. एकूण व्होल्टेजवरून या दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून पॅक उघडून प्रत्येक गट मोजावा लागतो.

उघडण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, कडं काढा. मीटरच्या प्रोबला टोकाशी २ मिलिमीटर सोडून टेप गुंडाळा, कारण बॅलन्स प्लगच्या (प्रत्येक गटाकडून बीएमएसकडे येणाऱ्या बारीक वायरींच्या कनेक्टरच्या) दोन पिना एकदम टेकल्या तर बारीक वायर क्षणात जळते. बॅलन्स प्लग बीएमएसमधून काढा आणि काळ्या वायरपासून सुरुवात करून शेजारशेजारच्या दोन-दोन पिनांमधलं व्होल्टेज कागदावर उतरवा. (बीएमएस सोडवताना आधी बॅलन्स प्लग, मग बी-मायनस, म्हणजे पॅकच्या ऋण टोकाकडून बीएमएसला येणारी जाड वायर. जोडताना आधी बी-मायनस, प्लग सगळ्यात शेवटी.) पूर्ण चार्जनंतर तासभर थांबून घेतलेले आकडे ०.०३ व्होल्टच्या आत असतील तर पॅक बॅलन्समध्ये आहे. ०.१ च्या वर फरक असेल तर तो गट संशयित.

पण विसाव्याचे, म्हणजे लोड नसतानाचे आकडे चांगले आले म्हणून सुटलात असं नाही. बरेच पॅक फक्त लोडखाली मान टाकतात. स्टँडवर चाक फिरवून लोड येत नाही, मोटर तेव्हा जेमतेम एक-दोन अँपिअर घेते. १२ व्होल्ट ५५ वॅटचे चार हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये जोडा, साडेचार-पाच अँपिअरचा सरळ लोड मिळतो. अशा दोन माळा पॅरलल केल्या की नऊ-दहा. पहिली माळ पेटल्यावरच दुसरी जोडा. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढते आणि दोन्ही एकदम जोडल्या तर बीएमएस शॉर्ट समजून तोडू शकतं. या चाचणीत बॅलन्स प्लग बीएमएसमध्येच राहू द्या आणि सेल जोडणाऱ्या निकेल पट्ट्यांवर मोजा. बल्ब प्रचंड तापतात, लादीवर ठेवा.

दहा अँपिअरला ४पीचा धडधाकट गट ०.१ ते ०.१५ व्होल्ट खाली येतो. एखादा ०.४ किंवा जास्त आपटला तर चढावरचा गुन्हेगार तोच. तिथेच पुढची तपासणी करा: लोड चालू असताना एक प्रोब पट्टीवर, दुसरा थेट सेलच्या टोपीवर. वेल्ड चांगलं असेल तर काही मिलिव्होल्टच दिसतील. एकाच सेलवर त्याहून बरंच जास्त दिसलं तर त्याचं वेल्ड सुटलंय. रस्त्याच्या हादऱ्यांनी हे सर्रास होतं आणि उरलेल्या तीन सेलवर चौघांचं ओझं पडतं. सेलवर सोल्डरिंग करू नका. उष्णतेने आतलं सील आणि सेपरेटर (दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा पडदा) खराब होतो. स्पॉट वेल्डच हवं आणि पट्टी शुद्ध निकेलची, ०.१५ मिलिमीटर जाडीची. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी दिसायला हुबेहूब तशीच असते. तिचा कोपरा घासून मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवला की गंज उघड होतो.

वेल्ड ठीक असून गट नुसता खाली राहिला असेल तर त्याला एकट्याला वर आणायचं. तो २ व्होल्टच्या खाली सापडला तर प्रयत्नही करू नका, ते सेल बाद. वर असेल तर बॅलन्स प्लग बीएमएसमधून काढून, आयसोलेटेड आउटपुटच्या (आउटपुट अर्थिंगला न जोडलेल्या) बेंच सप्लायवर ४.१५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर लिमिट लावून त्या गटाच्या दोन वायरींतून चार्ज करा. बॅलन्स वायरी बारीक असतात, करंट वाढवायचा मोह नको. समोर बसूनच करा आणि सेल कोमट व्हायला लागला तरी बंद करा. हे काम चार्जर रात्रभर लावून बीएमएसकडून होईल असं समजू नका. साध्या बीएमएसचा बॅलन्स करंट ५० मिलिअँपिअरच्या आसपास असतो, म्हणजे एका अँपिअर-तासाचा फरक भरायला त्याला वीस तास लागतील, तेही चार्जर पूर्ण व्होल्टेजला टिकून राहिला तर.

त्यानंतर प्लग काढूनच पॅक दोन आठवडे ठेवून पुन्हा मोजा. तोच गट ०.०५ व्होल्टहून जास्त उतरला आणि बाकीचे जागच्या जागी असतील तर त्यातला एखादा सेल आतून गळतोय. चारही सेल एकत्र बदला, बाकी पॅकच्या आज मोजलेल्या कपॅसिटीच्या जवळचे, आणि पॅरलल जोडण्याआधी त्यांचं व्होल्टेज शेजाऱ्यांशी ०.०५ च्या आत आणा. प्लग काढल्यावर गट टिकला आणि प्लग लावल्यावरच उतरू लागला तर सेल निर्दोष आहेत; बीएमएसचं त्या चॅनेलचं बॅलन्स सर्किट चालू अवस्थेत अडकलंय. तेव्हा बीएमएस बदलणं योग्य.

मोटरची थरथर हे वेगळं दुखणं आहे, आणि पावसानंतर सुरू झालंय म्हणजे आधी हॉल सेन्सरची (मोटर कुठे फिरलीय हे कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटला, कळवणाऱ्या तीन सेन्सरची) लाइन. पाच बारीक वायरी: लाल, काळी आणि पिवळी-हिरवी-निळी. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून प्रोब घाला. लाल-काळीत साडेचार ते पाच व्होल्ट हवेत. मग प्रत्येक रंगाच्या वायरीवर चाक अगदी हळू उलटं फिरवा (गिअर हबमध्ये सुलटं फिरवलं तर क्लच सुटतो, आतली मोटर फिरतच नाही). व्होल्टेज शून्याजवळून पाचाजवळ अशी स्पष्ट उडी घेत राहायला हवं. एक वायर एकाच आकड्यावर अडकली किंवा मधल्या २-३ व्होल्टवर रेंगाळली तर सेन्सरसाठी हब उघडण्याआधी कनेक्टर बघा. हिरवी बुरशी धरलेली पिन हे जास्त वेळा सापडणारं कारण. पिना साफ करून, पूर्ण वाळवून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि केबलला एक्सलमध्ये शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. सेन्सर खरंच गेला असेल तर हब उघडलेलंच आहे म्हणून तिन्ही बदला. छापील बाजू जुन्यासारखीच ठेवा, नाहीतर सिग्नल उलटा येतो.

सेन्सर आणि वायरी ठीक निघाल्या तर मोटरला करंट नेणाऱ्या जाड तीन फेज वायरी कंट्रोलरपासून काढून चाक उलटं फिरवा. जोडलेलं असताना अडखळत होतं आणि काढल्यावर मोकळं झालं, तर कंट्रोलरमधला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट आहे. काढूनही अडखळलं तर फेज वायरी आपसात शॉर्ट आहेत, आणि ते एक्सलच्या तोंडाशीच आधी शोधा: नट ढिला होऊन एक्सल फिरला की केबल तिथेच पिळली जाते. तशी असेल तर नवी केबल ओवताना दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणारी पट्टी) बसवा.