दोघांनी केलं, बाराजणांनी भोगायचं का?

प्रश्न : आमच्या कबड्डी संघातल्या दोन वरिष्ठ खेळाडूंनी वसतिगृहात प्रथम वर्षाच्या मुलांना रात्री उठवून उठाबशा काढायला लावल्या. एकाला मारहाणही झाली. त्याने तोंडी तक्रार केली आहे. दोघेही आमचे कोपरारक्षक आहेत आणि स्पर्धा दहा दिवसांवर आली आहे. प्रशिक्षक म्हणतात, ‘स्पर्धा होऊन जाऊ द्या, मग बघू.’ काय करावं? — शारीरिक शिक्षण संचालक, सांगली जिल्हा

उत्तर : ‘मग बघू’ म्हणण्याची मुभा कायद्याने तुम्हाला ठेवलेलीच नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध अधिनियमानुसार लेखी तक्रार आल्यापासून ७ दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. सकृद्दर्शनी तथ्य दिसलं की विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. दुर्लक्ष केलं तर संस्थाप्रमुखानेच गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९ चे विनियम आणखी कडक आहेत. प्रकार गुन्ह्यात मोडत असेल तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआर नोंदवावा लागतो, आणि तुमच्याकडे तर मारहाण झालेली आहे.

म्हणून पहिलं काम, तक्रार आजच कागदावर आणा. मुलगा घाबरलेला असेल तर त्याचे पालक लिहून देऊ शकतात, शिक्षकही देऊ शकतात. कायद्यात तशी तरतूद आहे. मुलाची वैद्यकीय तपासणी आजच करून घ्या, वळ दोन दिवसांत दिसेनासे होतात. वसतिगृहाच्या सीसीटीव्हीचं चित्रण वेगळं काढून ठेवायला सांगा, कारण पुष्कळ ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत जुन्यावर नवं चढतं. खोली बदलायची ती त्या दोघांची. तक्रारदाराला हलवलं की सगळ्या वसतिगृहाला वाटतं, शिक्षा त्यालाच झाली.

चौकशी रॅगिंगविरोधी समितीनेच करायची. प्रशिक्षकांना त्यात अजिबात घेऊ नका. ते कितीही सचोटीचे असोत, स्वतःच्या कोपरारक्षकांबद्दल निवाडा त्यांच्याकडून मागणं त्यांच्यावरही अन्याय आहे. ‘व्यायामशाळेत सगळ्यांसमोर माफी मागायला लावू, विषय मिटवू’ हा मार्ग सर्रास वापरला जातो आणि हमखास उलटतो. माफी मागणाऱ्याच्या डोक्यात राग राहतो, तक्रारदार पुन्हा त्याच जिन्यात त्याच्यासमोर येतो आणि दुसऱ्या वेळी तो तक्रार करत नाही.

संघातल्या मुलांचे जबाब एकाच दिवशी, एकेकट्याचे घ्या. कर्णधाराला शेजारी बसवू नका. त्यांना एक गोष्ट धमकीच्या सुरात नव्हे, माहिती म्हणून सांगा : कोणी केलं ते ओळखता आलं नाही, तर यूजीसीच्या विनियमांत सामूहिक शिक्षेची तरतूद आहे. दोघांना वाचवायला संघातले बाकीचे दहाजण गप्प बसले, तर दोघांची चूक बाराजणांची होते. संघाचं खरं नुकसान इथे होतं, आणि ते अनेकदा मुलांना कोणी समजावूनच सांगितलेलं नसतं.

आता स्पर्धा. संस्थेचं प्रतिनिधित्व करण्यास बंदी ही विनियमांतल्या शिक्षांच्या यादीत नाव घेऊन लिहिलेली शिक्षा आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत दोघांना संघाबाहेर ठेवा. पत्रात ‘चौकशी प्रलंबित असल्याने तात्पुरतं’ असंच लिहा, ‘दोषी’ हा शब्द नको. दोघांना आणि त्यांच्या पालकांना पत्र द्या, बाजू मांडायला तारीख द्या. पात्रता यादी गेली असेल तर बदली खेळाडूची मुदत आजच आयोजकांना विचारा.

दोन्ही कोपरे एकदम गेले की बचाव खिळखिळा होणार, हे उघड आहे. कोपऱ्याने घोटा धरला की शेजारच्याने त्याच क्षणी येऊन चढाईपटूला दाबायचं असतं, ही जोडीची वेळ सवयीने बसते. दहा दिवसांत दोन्हीकडे नव्या जोड्या बसत नाहीत. म्हणून एका कोपऱ्यावर सध्याच्याच मध्यरक्षकांपैकी एकाला आणा, राखीव खेळाडू एकाच कोपऱ्यावर घाला आणि सरावाचा निम्मा वेळ फक्त साखळीला, म्हणजे हात धरून एकत्र बचाव करण्याला, द्या. पुढच्या वर्षी बाराच्या संघासाठी शिबिरात सोळा ठेवा. अशा वेळी दडपण येतं ते पर्याय नसल्यामुळेच.

त्या दोघांसाठीही एक सांगणं आहे. आपल्याकडे बहुतेक कबड्डीपटूंचं लक्ष पोलीस, रेल्वे आणि शासनाच्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाकडे असतं. रॅगिंग सिद्ध झालं तर २ वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड आणि ५ वर्षं कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. शिवाय नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होतेच. हे हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या संघाला वाचून दाखवा.

प्रश्न : मुलांच्या संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आम्हा मुलींचे सरावातले फोटो आणि घाणेरडे शेरे टाकले जातात. विचारलं तर ‘गंमत होती’ म्हणतात. आम्ही तक्रार केली तर ‘तुमच्यामुळे संघ बुडाला’ असं ऐकावं लागेल. — कर्णधार, मुलींचा व्हॉलीबॉल संघ, नाशिक

उत्तर : अगदी असंच अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात घडलं. तिथल्या पुरुष फुटबॉल संघातल्या मुलांनी २०१२ मध्ये मुलींच्या संघात नव्याने येणाऱ्या खेळाडूंवर अश्लील शेऱ्यांचं टिपण केलं होतं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने उघड केलं. चौकशीत दिसलं की ही प्रथा २०१६ पर्यंत चालूच होती आणि खेळाडूंनी सुरुवातीला ते मोकळेपणाने सांगितलं नव्हतं. संघ तेव्हा आयव्ही लीग या विद्यापीठांच्या स्पर्धेत अव्वल होता, साखळीतले दोन सामने उरले होते. विद्यापीठाने हंगाम तिथेच संपवला. तो बुडवला तो लिहिणाऱ्यांनी आणि लपवणाऱ्यांनी. ज्यांच्याबद्दल लिहिलं गेलं त्या मुलींवर त्याचा ठपका येत नाही, आणि तुमच्यावरही येणार नाही.

तुमच्या हातात महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती आहे, लैंगिक छळाच्या तक्रारी तीच ऐकते. घटनेपासून, किंवा प्रकार चालूच असेल तर शेवटच्या घटनेपासून, ३ महिन्यांत लेखी तक्रार द्या. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असावे लागतात. स्क्रीनशॉट घेताना ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असे घ्या. नुसता शेरा कापून घेतला की ‘हे माझं नाहीच’ म्हणायला वाट मिळते. ते कुणालाही पुढे पाठवू नका. चौकशी चालू असेपर्यंत सरावाच्या वेळा वेगळ्या कराव्यात, अशी मागणी त्याच अर्जात करा, आणि वेळ त्यांची बदलावी असं स्पष्ट लिहा.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत कॉलेज संघात खेळतो. संघातल्या दोघांवर गंभीर आरोप आहेत. तो त्यात नाही, तरी त्याचं वर्ष जाईल का? — पालक, न्यू जर्सी

उत्तर : जाऊ शकतं. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळ) संघातल्या खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला. ५ एप्रिलला उरलेला हंगाम रद्द झाला, प्रशिक्षक पायउतार झाले. वर्षभराने नॉर्थ कॅरोलिनाच्या महाधिवक्त्यांनी तिन्ही आरोपींना निर्दोष जाहीर केलं आणि खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने त्या संघातल्या ३३ खेळाडूंना खेळण्याचं एक वर्ष वाढवून दिलं. पण ते मिळालं २००७ मध्ये, मागाहून.

मुलाला आत्ता तीन गोष्टी सांगा. चौकशीत विचारलं तर खरं सांगायचं, पण वकिलाला विचारून. फोनमधलं काहीही पुसायचं नाही, कारण निरपराध माणसाने पुसलेला संदेशही पुरावा नष्ट केल्यासारखा दिसतो. आणि विद्यापीठाच्या अनुपालन कार्यालयाकडून (खेळाचे नियम पाळले जातात ना, हे पाहणारं कार्यालय), हंगाम रद्द झाला तर शिष्यवृत्ती आणि पात्रतेच्या वर्षाचं काय होईल, हे ईमेलवर लेखी घ्यायचं. प्रशिक्षकाच्या तोंडी शब्दावर थांबू नका. ड्यूकमध्ये सगळ्यात आधी गेले ते प्रशिक्षकच.

प्रश्न : दौऱ्यावर लॉजमध्ये एका खेळाडूने दारू पिऊन भांडण केलं. महाविद्यालयाच्या आवाराबाहेरचं आहे, कारवाई करता येते का? — संघ व्यवस्थापक, लातूर

उत्तर : येते. तो महाविद्यालयाच्या खर्चाने, महाविद्यालयाच्या नावावर तिथे गेला होता. निघण्यापूर्वी खेळाडू आणि पालक यांच्या सहीचं हमीपत्र, खोलीवार यादी आणि रात्री दहाची हजेरी एवढं असलं की कारवाईला आधार मिळतो. हमीपत्र घेतलं नसेल तरी घटनेचा अहवाल लॉजमधूनच, त्याच रात्री प्राचार्यांना पाठवा.